कच्चा लिंबू

लपाछपी असो, लगोरी असो की विषामृत, खेळ रंगात आला की कुणाचं तरी धाकटं भावंडं येऊन उभं राहतंच. 'मला पण घ्या.' घरून दम आलेला असतो, त्यामुळे नाही म्हणायची सोय नसते. मग थोड्या वाटाघाटी होतात आणि त्याला कच्चा लिंबू म्हणून घेतलं जातं. कच्चा लिंबू सगळ्यांबरोबर पळतो, लपतो, सगळ्यांपेक्षा जास्त ओरडतो. फक्त तो सापडला तरी आउट नसतो आणि त्याच्यावर राज्य येत नाही.

या पदाविषयी मला कायम कुतूहल वाटत आलंय, कारण ते कोणीच फार काळ टिकवत नाही. वर्ष-दोन वर्षांत तेच पोरगं कमरेवर हात ठेवून सांगतं, 'आता मी कच्चा लिंबू नाही. माझ्यावर पण राज्य येऊ दे.' वरवर बघितलं तर हा वेडेपणा आहे. आउट न होण्याची सवलत स्वतःहून कोण सोडतं? पण त्याच्या एक गोष्ट लक्षात आलेली असते. आपण सापडलो तर कोणी मोजत नाही, तसं आपण शेवटपर्यंत लपून राहिलो तरी कोणी मोजत नाही.

हे सगळं मला आठवतं ते रात्री साडेअकरानंतर, व्हॅलोरंटच्या रँक्ड लॉबीत. जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: पाच विरुद्ध पाच, आधी तेरा राऊंड जिंकेल तो संघ जिंकला. एक संघ स्पाइक नावाचा बॉम्ब लावायला येतो, दुसरा अडवतो. स्पाइक लागला की ४५ सेकंदांत फुटतो, निकामी करायला सात सेकंद लागतात. पाचही जण ओळखीचे असतीलच असं नाही. बहुतेक वेळा दोन-तीन जण कुठले कोण, आवाजानेच भेटलेले. तुम्ही बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळत असाल तर तुमच्या स्क्वॉडमध्येही असेच रँडम असतात आणि पुढे जे मी सांगणार आहे ते तुम्ही रोज ऐकता.

मॅच हातातून जायला लागली की ते सुरू होतं. 'टीम बॉट आहे.' 'या रँकला कसले लोक देतात.' 'समोरचा नक्की स्मर्फ आहे.' 'पिंग बघ ना माझा.' 'रिपोर्ट करा रे याला.' शेवटचा राऊंड संपून डिफीट झळकेपर्यंत एकाने सगळ्यांच्या नावाने खापर फोडून झालेलं असतं. तोच माणूस पुढच्या मॅचमध्ये पंचवीस किल काढतो आणि माइकवर म्हणतो, 'कॅरी केलं भावांनो, थँक यू बोला.'

ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. हरलो तेव्हा निकालाशी माझा संबंध नव्हता. जिंकलो तेव्हा निकाल माझ्यामुळे. गल्लीतल्या पोरांनी याला एका मिनिटात बाहेर काढलं असतं, कारण त्यांचा हिशेब सरळ आहे: राज्य नको असेल तर तू कच्चा लिंबू, आणि कच्चा लिंबू जिंकत नसतो.

हे लोक खोटं बोलतात, असं मात्र मला वाटत नाही. त्यांना खरंच तसं दिसत असतं. एडवर्ड जोन्स आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये एक निरीक्षण मांडलं: स्वतःच्या वागण्याचं कारण आपण परिस्थितीत शोधतो, दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात. आपल्याकडे हे फार आधीपासून माहीत आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. माझी गोळी हुकली कारण लॅग होता, त्याची हुकली कारण तो नूब आहे. मी मध्येच गायब झालो कारण लाइट गेली, तो गायब झाला कारण त्याला टीमची पडलेली नाही. पलीकडचा लातूरजवळच्या एखाद्या गावात असेल, तिथेही लाइट जाते, त्यालाही वडील दुकानाचं शटर ओढायला हाक मारतात, हे आपल्याला दिसत नाही. आपल्याला फक्त उभं राहिलेलं बाहुलं दिसतं.

दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, मायकेल स्टॉर्म्सने याच्यापुढचा एक साधा प्रयोग केला. अनोळखी माणसांना गप्पा मारायला बसवलं, ते चित्रित केलं आणि नंतर काहींना स्वतःचंच चित्रण समोरच्याच्या कोनातून दाखवलं. ज्यांनी स्वतःला बाहेरून पाहिलं, त्यांनी आपल्या वागण्याची कारणं परिस्थितीपेक्षा स्वतःत जास्त शोधली. उपदेश कोणी केला नव्हता, कॅमेऱ्याची जागा बदलली होती.

आता आपल्या खेळातला कॅमेरा कुठे असतो ते बघा. जिवंत असेपर्यंत तो माझ्या डोळ्यांत असतो. मला माझी बंदूक दिसते, हात दिसतात, मी दिसत नाही. कोपऱ्यातून मी किती बाहेर आलो होतो, माझ्या पावलांचा आवाज किती लांब गेला, हे मला कधीच दिसत नाही. आणि मी मेलो की? मग कॅमेरा उरलेल्या साथीदारांच्या खांद्यावर जाऊन बसतो. आता मला सगळं स्पष्ट दिसतं. तो डावीकडे का बघत नाहीये? स्पाइक तिथे टाकून का पळाला? एखादा राऊंड सुरुवातीलाच मेलेला माणूस पुढचं मिनिटभर दुसऱ्यांच्या चुका बघत बसतो, तीही हातात दुसरं काही काम नसताना. रात्रभरात पाच मॅच खेळल्या तर इतरांच्या चुकांची ही केवढी मोठी फिल्म झाली! आणि स्वतःच्या चुकांची एकही फ्रेम नाही. सगळ्यात जास्त कुरकुर सगळ्यात आधी मरणारा का करतो, याचं उत्तर मला तरी स्वभावापेक्षा या बैठकव्यवस्थेत जास्त सापडतं.

म्हणून खेळ सुधारायचा असेल त्याने स्वतःचं रेकॉर्डिंग बघावं, हा सल्ला सगळेच देतात आणि तो बरोबरच आहे. पण तो बघताना मजा येत नाही. दुसऱ्याची चूक बघण्यात जी एक खुसखुशीत चव असते, ती इथे नसते.

तक्रार करणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. ते म्हणतात, 'पण साथीदार खरंच वाईट होता.' बहुतेक वेळा हे खरं असतं. आर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे गृहस्थ. बुद्धिबळपटूंचं बळ आकड्यात मोजायची त्यांची पद्धत फिडे या जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. आज ऑनलाइन खेळांत रँक मोजायच्या ज्या पद्धती आहेत, त्या याच घराण्यातल्या. एलोंच्या हिशेबात दोन खेळाडूंत २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळवावेत. म्हणजे स्पष्टपणे वरचढ असलेलाही जवळपास चौथा हिस्सा गमावणार, हे गृहीतच आहे. शिवाय मॅचमेकिंग तुम्हाला २०० गुणांनी खालचा प्रतिस्पर्धी मुद्दाम देत नाही, बरोबरीचा शोधते. तेव्हा निम्म्याच्या आसपास मॅच हरणं हा यंत्रणेतला बिघाड नाही. यंत्रणा तिचं काम करते आहे.

पण बुद्धिबळात पटाच्या या बाजूला एकच माणूस असतो. आपल्या बाजूला पाच असतात आणि गोम तिथेच आहे. 'एलो हेल' हा शब्द त्यातूनच आला: मी चांगला आहे, पण नशिबाने मिळणारे साथीदार मला वर येऊ देत नाहीत, मी नरकात अडकलोय. त्यावर खेळाडूंमध्येच एक जुना हिशेब फिरतो. धरून चाला, दर दहा खेळाडूंमागे एक जण खेळ बिघडवणारा आहे. माझ्या संघात मी सोडून चार जागा आहेत, समोर पाच. शंभर मॅचमध्ये असे साधारण चाळीस माझ्या वाट्याला येतील आणि पन्नास समोरच्याच्या. तो दहावा माणूस मी स्वतः नसेन, तर लांब पल्ल्यात साथीदारांचं नशीब माझ्या बाजूचंच आहे.

मला हा हिशेब आवडतो, पण त्याचा वापर ज्या तोऱ्यात केला जातो तो आवडत नाही. शंभर मॅचचं गणित एका मॅचला लागू होत नाही. आज रात्री, या मॅचमध्ये, तुमच्या चारपैकी तिघं खरोखर झोपेत खेळत असतील आणि तुम्ही जीव तोडून खेळूनही ५-१३ हराल. तेव्हा 'स्वतःकडे बघ' म्हणणारा माणूस चुकीचं बोलतोय. तुमचा दोष नव्हता.

प्रश्न असा आहे की दोष नसताना जबाबदारी उरते का. मराठीत आपण हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, पण जबाबदारी या शब्दातच जबाब आहे. जबाबदार म्हणजे उत्तर देणारा. दोष मागे बघतो आणि कोणाचा ते ठरवून थांबतो. जबाब मागितला जातो तो जो तिथे होता त्याच्याकडे.

बर्नार्ड विल्यम्स या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९७६ मध्ये एक उदाहरण दिलं, ते अजून तत्त्वज्ञानाच्या वर्गांत शिकवलं जातं. एक लॉरीचालक आहे. त्याची काहीही चूक नाही, आणि त्याच्या लॉरीखाली एक मूल येतं. आपण सगळे त्याला सांगू की तुझा दोष नाही, आणि सांगायलाच हवं. पण तो चालक आपल्या आधी स्वतःच, शांतपणे, 'माझा काही दोष नाही, मी रस्त्यावरच्या बाकीच्यांसारखाच' असं म्हणून मोकळा झाला, तर आपल्याला कसंतरीच वाटेल. कारण तो बघणाऱ्यांपैकी नव्हता, तो करणाऱ्यांपैकी होता. हातून घडलं आणि समोर घडलं यातलं हे अंतर दोषाच्या भाषेत बसत नाही, असं विल्यम्सचं म्हणणं.

हरलेली मॅच म्हणजे मेलेलं मूल नव्हे, हे उघड आहे. पण अंतर तेच आहे. स्पाइकजवळ मी होतो. स्मोक माझ्याकडे होता. मी २,९०० क्रेडिटची बंदूक घेतली आणि बाकीच्यांकडे पिस्तुलं होती, कारण यंदा पैसे वाचवायचे की खर्चायचे हे मी विचारलं नव्हतं. यातल्या कशानेही मी दोषी ठरत नसेन. पण 'मी तिथे काय करत होतो' याला माझ्याकडे उत्तर असायला हवं. आणि 'टीम बॉट आहे' हे त्या प्रश्नाचं उत्तर नाही. ते दुसऱ्याच कुठल्या तरी प्रश्नाचं उत्तर आहे, जो कोणी विचारलेला नाही.

आमच्या ग्रुपमध्ये सांगलीचा एक जण आहे, त्याने यावर एक नियम काढला. हरल्यावर प्रत्येकाने 'मी'ने सुरू होणारं एक वाक्य बोलायचं, मग कोणाला काय शिव्या घालायच्या त्या घाला. 'मी तीन वेळा एकाच कोपऱ्यात मेलो.' 'मी अल्टिमेट शेवटपर्यंत वापरलं नाही.' वाक्य खेळाबद्दल हवं, स्वभावाबद्दल नको. 'मी बेकारच आहे' हे बाद. गंमत म्हणजे हे वाक्य बोलून झालं की पुढच्या शिव्यांतली हवा निघून जाते. कधी निघत नाही, तेव्हा त्या घातल्या जातात.

'मी बेकारच आहे' बाद का, यावर आमच्यात एकदा बराच वाद झाला. मला सांगलीकराचं पटतं. काही जण प्रत्येक राऊंडनंतर सॉरी म्हणतात, मॅच संपेपर्यंत वीस वेळा म्हणतात, आणि मग बाकीच्या चौघांना खेळ सोडून त्याची समजूत काढावी लागते. हे नम्रपणाचं सोंग असतं असं नाही, कित्येकांना आतून तसंच वाटतं. पण सगळं माझ्यामुळे हरलं म्हणणाऱ्याने दुसरं काय म्हटलं? की बाकीच्या चौघांचं खेळणं न खेळणं सारखंच. म्हणजे त्याने उरलेल्या चौघांना कच्चा लिंबू करून टाकलं.

आता दुसरी बाजू. 'रडू नको, स्वतःकडे बघ' हे वाक्य फार सोयीचं आहे, आणि सोयीची वाक्यं नेहमी वरून खाली येतात. समोर खरोखर हॅकर असेल, भिंतीपलीकडून गोळ्या घालत असेल, तर माझ्या शिस्तीने तो जाणार नाही. तिथे रिपोर्टचं बटण दाबणं हीच जबाबदारी. मुलगी माइकवर बोलली की जे कानावर येतं त्याला तिने 'थोडी जाड कातडी कर' हे उत्तर असू शकत नाही.

म्हणून तक्रार वाईट, असं मी म्हणणार नाही. आपल्या भाषेत त्यासाठी एकच शब्द नाहीये, हे बरं आहे. कोकणात देवासमोर गाऱ्हाणं घालतात. त्याची एक रीत असते: कोणाला उद्देशून ते आधी ठरलेलं, काय घडलं आणि काय हवं ते नीट मांडलेलं, आणि भोवती उभी असलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणून साथ देतात. गाऱ्हाण्याला पत्ता असतो. रडगाण्याला नसतो. 'रिपोर्ट करा रे याला' असं चॅटमध्ये आठ वेळा लिहिणाऱ्याने बऱ्याचदा स्वतः रिपोर्ट केलेला नसतो; त्याला कारवाई नको असते, श्रोते हवे असतात.

लीग ऑफ लेजंड्स या खेळात २०११ मध्ये यावर एक वेगळा प्रयत्न झाला होता. ट्रिब्युनल नावाची व्यवस्था होती. ज्यांच्याविरुद्ध वारंवार तक्रारी आल्या, त्यांच्या केसेस, चॅटच्या नोंदींसकट, इतर खेळाडूंपुढे ठेवल्या जायच्या आणि ते शिक्षा की माफी यावर मत द्यायचे. काही वर्षांनी ती बंद झाली. तिच्या उणिवा असतील, पण कल्पना मला मोलाची वाटते. एरवी तक्रार करणाऱ्याला इथे दुसऱ्याची तक्रार वाचावी लागत होती, दोन्ही बाजूंचं चॅट बघावं लागत होतं आणि नंतर निर्णय घ्यावा लागत होता. राज्य त्याच्यावर येत होतं.

अशी व्यवस्था प्रत्येक लॉबीत नसते. तिथे पाच माणसं असतात, एवढंच. आणि त्यात एक प्रकार असा घडतो ज्यात दोषाची साखळी इतकी उलटी फिरते की ऐकणाऱ्याला भोवळ यावी. आमच्या ग्रुपमधली एक जण कंट्रोलर खेळते, बहुतेक वेळा ओमेन. तिचं काम स्मोक टाकणं आणि सगळ्यांना माहिती देणं. नाव तिने असं घेतलंय की मुलगा की मुलगी कळू नये, आणि रँडम असले की ती माइक बंद ठेवते, कारण पूर्वी काय काय ऐकलंय ते तिला पाठ आहे. माइक बंद म्हणून माहिती मिळत नाही. माहिती मिळत नाही म्हणून राऊंड जातो. आणि मग तोच आवाज, ज्याच्यासारख्या आवाजांमुळे माइक बंद आहे, म्हणतो, 'ओमेन कॉल का देत नाही? म्यूट आहे का?'

मागच्या पावसाळ्यातल्या एका रात्री आम्ही तिघं होतो, ती, सांगलीकर आणि मी, आणि दोन रँडम. ३-६ ने मागे होतो. पहिला रँडम हिंदीतून ओमेनच्या आईबहिणीपर्यंत पोहोचला होता. मी माइकचं बटण दाबलं, सांगलीकरानेही दाबलं असणार, पण आमच्या आधी दुसरा रँडम बोलला, जो तोपर्यंत एक अक्षर बोलला नव्हता. वयाने मोठा वाटत होता, मागे पंख्याचा आवाज येत होता. 'भाई, बस हो गया. राउंड खेल.' एवढंच. आवाजही चढवला नाही. पहिला काही तरी पुटपुटला आणि गप्प झाला.

दोन राऊंडनंतर तिने माइक उघडला. 'बी पे दो, एक का हेल्थ तीस.' पहिल्या रँडमने काही टिप्पणी केली नाही, बीवर गेला आणि तो तीसवाला मारला. त्यानंतर मॅच ओढाताणीची झाली. ११-१३ ने हरलो.

लॉबीत परत आल्यावर सांगलीकराने नियमाप्रमाणे विचारलं. ती म्हणाली, 'मी शेवटच्या राऊंडला स्मोक दोन सेकंद उशिरा टाकला.' तो म्हणाला, 'मी स्मोकची वाट न बघता घुसलो.' यावर कोणाचं आधी, कोणाचं नंतर असा वाद सुरू झाला, तो पुढची मॅच लागेपर्यंत चालला.